सुषमाताईंच्या वहीतल्या अकराजणी

पौष महिन्यात वडगाव रासाईला नदीवरून असा वारा सुटतो की ऊन वर आल्याशिवाय माणसं घोंगडी सोडत नाहीत. अशा थंडीतही सुषमाताईंच्या खांद्यावरच्या बॅगेत जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा एक पंखा असायचा. कुणाच्या ओट्यावर बसून माहिती लिहून घेताना त्या मध्येच थांबायच्या. कपाळावर दरदरून घाम फुटायचा, मान लालबुंद व्हायची आणि तो पंखा बाहेर निघायचा.

"आशाताईंला पौषातबी उन्हाळा लागलाय गं," बायका हसायच्या.

"तुमच्यासारख्या पन्नासजणींनी डोकं तापवल्यावर दुसरं काय हुईल?" ताई म्हणायच्या, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायच्या.

वय बेचाळीस. शिक्षण दहावी. गेली दहा वर्षं वस्तीवरच्या त्रेसष्ट घरांच्या त्या आशा, म्हणजे आरोग्यसेविका. कुणाला दिवस गेले, कुणाच्या पोराला डोस राहिला, कुणाची साखर वाढली, सगळं तोंडपाठ. डावा हात मनगटाशी किंचित वाकडा होता. चार वर्षांपूर्वी हंडा उचलताना तो मोडला होता. पडल्या नव्हत्या, घसरल्या नव्हत्या. नुसता हंडा उचलला आणि हाड मोडलं. त्यावरही त्यांनी विनोदच केला होता, की हाड शासनाच्या योजनेतलं असणार.

विनोदाच्या मागे काय होतं ते त्यांना स्वतःलाही पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं.

तिसाव्या वर्षी सुषमाताईंची पिशवी काढली होती. गर्भाशयाला तिकडे कोणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवी म्हणतात. दोन पोरं झाली, नसबंदी झाली, आणि मग महिन्यातले दहा-दहा दिवस अंगावरून जायला लागलं. कांदालागवडीच्या दिवसांत सकाळपासून वाफ्यात वाकायचं, बांधाला आडोसा नाही, कपडा बदलायला जागा नाही. हायवेच्या कडेला एक खासगी दवाखाना होता, तिथं सासूनं नेलं. डॉक्टरांनी मशीन पोटावर फिरवलं आणि सांगितलं, "पिशवी खराब झालीय. ठेवली तर उद्या कॅन्सर होईल." सोमवारी तपासणी आणि गुरुवारी ऑपरेशन. मधल्या दोन दिवसांत सुषमाताईंना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मात्र सगळं बदललं. वस्तीवर अशा बाईला 'मोकळी' म्हणतात. मोकळ्या बाईला महिन्याची अडचण नाही, शिवाशिव नाही, चार दिवस ओसरीत बसणं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिला बिरोबाच्या भंडाऱ्याला हात लावता येतो.

पौषात वस्तीवरच्या बिरोबाची जत्रा भरते. देवावर उधळायचा भंडारा विकत आणायचा नाही, असा वस्तीचा नेम आहे. हळकुंडं वस्तीवरच कांडायची. अंगणात उखळ मांडतात, भोवती गेरूची रेघ ओढतात, आणि त्या रेघेच्या आत फक्त जिची अडचण कायमची सरली अशीच बाई बसते. पूर्वी तिथं सगळ्या म्हाताऱ्या असायच्या. मुसळ उचलता उचलता त्यांचा दम जायचा. पुढं एकेका तरण्या बाईची पिशवी निघायला लागली, तशा त्या रेघेच्या आत आल्या. हातात बळ होतं, गळ्यात गाणी होती. देवापुढं त्यांना खण मिळायला लागला, पंगतीत पहिलं पान मिळायला लागलं. ज्या सासवा एरवी सुनेला नावानंही हाक मारत नसत, त्या "आमची मोकळी झाली बरं का" असं कौतुकानं सांगायला लागल्या.

सुषमाताई तिसाव्या वर्षी रेघेच्या आत बसल्या. त्यांची तेरा वर्षांची हर्षदा रेघेच्या बाहेर उभी राहून बघत होती. आईच्या अंगभर पिवळी हळद उडालेली, कपाळ चमकतंय, सगळ्या बाया तिच्या सुरात सूर मिसळतायत. असली आई हर्षदानं आधी कधी पाहिली नव्हती.

पुढं ताई आशा झाल्या. अंगावरून जाणारी बाई दिसली की तिची दया यायची. "मी केलंय, मला काय झालंय का? बघा, मोकळी हाय मी," असं सांगून त्या तिला घेऊन त्याच दवाखान्यात जायच्या. टेबलावर जाईपर्यंत तिचा हात धरायच्या, रात्रभर उशाशी बसायच्या. कुणाकडून काही घेतलं नाही. दहा वर्षांत अशा अकराजणी झाल्या. त्यांची नावं ताईंनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती. आपण काही चांगलं केलं, तर त्याची कुठंतरी नोंद असावी, इतकाच हेतू.

श्रावणात शिरूरला आशांचं एक प्रशिक्षण झालं. सरकारी दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरबाईंनी फळ्यावर चित्र काढलं. मध्ये पिशवी आणि दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं. त्या म्हणाल्या, "पिशवीबरोबर ही दोन्हीही काढली ना, तर तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीची होते. अंगातून वाफा निघतात. झोप उडते. हाडं ठिसूळ होतात. काही वेळा काढावं लागतं, नाही असं नाही. पण दहातल्या सात-आठ बायकांना आधी गोळ्या देऊन बघता येतं."

सुषमाताईंनी बॅगेतून पंखा काढला होता. तो हातातच राहिला.

घरी येऊन त्यांनी पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याची फाईल काढली. कागद इंग्रजीत होता. तो घेऊन त्या गावातल्या सर्जेराव आप्पांच्या घरी गेल्या. आप्पांची सून राजनंदिनी बी.एस्सी. झालेली. तिनं कागद दोनदा वाचला आणि हळूच म्हणाली, "काकू, पिशवी आणि दोन्ही अंडाशयं, सगळंच काढलंय. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"न्हाई गं पोरी."

"मला पण त्याच डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. पिशवी खराब, उद्या कॅन्सर. अगदी हेच शब्द. ह्यांनी गाडी काढली, पुण्याला दाखवलं. तिथं म्हणाले रक्त कमी आहे, बाकी काही नाही. सहा महिने गोळ्या घेतल्या." तिनं कागदाची घडी घातली. "आमच्या सासूबाई मात्र अजून म्हणतात, काढली असतीस तर बरं झालं असतं."

सासूबाई म्हणजे कस्तुराबाई. त्या आतून म्हणाल्या, "ऐकू येतंय हं मला. माझी काढली, माझं काय वाईट झालं?" आणि लगेच, "तेवढा पंखा लाव गं."

त्यानंतर सुषमाताईंनी एक उद्योग सुरू केला, जो कुठल्याही फॉर्मात नव्हता. घरोघरी जायच्याच, तर प्रत्येक बाईला एक प्रश्न जास्त विचारायच्या. पिशवी आहे का? नसेल तर कितव्या वर्षी काढली? कुणी नेलं? दिवाळीपर्यंत वस्ती पुरी झाली. पंचविशीच्या वरच्या लग्न झालेल्या सत्त्याण्णव बायका. त्यातल्या अडतीसजणींना पिशवी नव्हती. त्या अडतिसांतल्या बावीस पस्तिशीच्या आतच मोकळ्या झाल्या होत्या.

आकड्यांपेक्षा ते कसे पसरले होते त्यानं ताईंची झोप उडाली. एका घरात एकीची निघाली की दोन-तीन वर्षांत जावेची निघायची. बहिणीची निघाली की बहिणीची. बहुतेकींचं ऑपरेशन जत्रेच्या आधीच्या दोन महिन्यांत झालेलं. "कुणी नेलं?" याला नवरा असं उत्तर फार थोडं आलं. सासू, जाऊ, नणंद, आई. बाईला बाईनंच नेलं होतं, मायेनं नेलं होतं. आणि अकरा ठिकाणी उत्तर देणारी बाई गोंधळून ताईंकडं बघायची आणि म्हणायची, "आता काय सांगू? तुम्हीच की वो."

हे सगळं ताईंनी कुणाजवळ काढलं नाही. नवऱ्याजवळही नाही. काढून काय होणार होतं? निघालेलं परत बसवता येत नाही.

जत्रेच्या आठवड्यात हर्षदाचा फोन आला. हर्षदा आता पंचवीस वर्षांची, दोन पोरांची आई. कुरकुंभजवळच्या गावात दिलेली. नवरा मल्हार एमआयडीसीत ऑपरेटर आणि ती तिथंच दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला.

"आई, मंगळवारी येते जत्रेला. सासूबाई पण येणारेत. आन् बेस्तरवारी माझं ऑपरेशन हाय."

"कसलं?"

"पिशवीचं. दोन महिने लय जातंय अंगावरून. लाईनीवर आठ तास उभं राहायचं, खुर्ची न्हाई. बाथरूमला एकदाच सोडतात. परवा ड्रेसला डाग लागला, सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला. मशीन लावून बघितलं तर डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब हाय."

"आन् कॅन्सर हुईल म्हणाले."

"तुला कसं कळलं?"

"हर्षे, जरा थांब. दुसऱ्याला दाखवू."

"कशाला? तुझी निघाली तवा तू तिशीची होतीस. मला पाच वर्षं कमी, एवढंच. तुला काय झालं? चांगली खणखणीत हाईस."

बारा वर्षं ती खणखणीत आई स्वतःच हे सगळ्यांना सांगत आली होती.

मंगळवारी सकाळी अंगणात उखळ मांडलं. गेरूची रेघ ओढली. आत पहिल्या पाळीच्या नऊजणी, बाहेर पंचवीस-तीस बाया. हर्षदा आणि तिची सासू सखूबाई नुकत्याच एसटीनं उतरून आल्या होत्या. हर्षदाचा चेहरा पिठासारखा पांढरा. सखूबाई मात्र उत्साहात होत्या. "पुढच्या वर्षी आमची सूनबाई आत बसंल," त्यांनी आल्या आल्या चारचौघींत जाहीर केलं. बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. हर्षदा हसली. तिचं ते हसू ताईंनी ओळखलं. तेरा वर्षांची पोर रेघेबाहेर उभी राहून असंच हसत होती.

"चला ताई, पहिलं मुसळ तुमचंच," भिमाबाई म्हणाली. भिमाबाई वहीतलं चौथं नाव. चार वर्षांपूर्वी एकोणतिसाव्या वर्षी ताईंनीच तिला नेलं होतं.

ताईंनी मुसळ हातात घेतलं. तेवढ्यात पोटातून ओळखीची वाफ उठली, छातीवरून मानेत, मानेतून कपाळात. घाम गळ्यावरून ओघळला. नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "लागला बघा उन्हाळा!" आणि सगळ्या हसल्या.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी मुसळ आडवं ठेवलं आणि रेघ ओलांडून बाहेर आल्या. हर्षदाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"हा उन्हाळा न्हाई," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं तुम्हाला हसवलं. आता ऐका. माझी पिशवी काढली तवापासून दिवसातून आठ-दहा वेळा हे असं हुतं. रातीला दोन तास झोप लागती. हंडा उचलला आन् हाड मोडलं, ते ह्याच्यामुळंच. नवऱ्याजवळ जायची भीती वाटती, एवढं दुखतं. तुम्हाला सांगत फिरले की मी मोकळी हाय. मोकळी नव्हते मी. मला ठाऊक नव्हतं हे एक, आन् ठाऊक झाल्यावर सांगायला जीभ उचलली न्हाई हे दुसरं."

मग सखूबाई पदर सावरत पुढं आल्या.

"विहीणबाई, देवाच्या कामात हे काय काढलं? तुम्ही वस्तीवरच्या डझनभर बायका नेल्या तसल्याच दवाखान्यात. तवा चांगलं हुतं. आता आमच्या सुनंची पाळी आली तवा वाईट झालं व्हय?"

"व्हय, तसंच झालंय," ताई म्हणाल्या. "माझ्या पोरीवर आलं तवा तोंड उघडलं. त्याबद्दल मला जे बोलायचं ते बोला. पण बेस्तरवारी तिला टेबलावर घालू नका. आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासू, मग बघू."

"आन् पोरगी अंगावर काढत बसंल? कामावरनं घालवतील तिला. तवा तुम्ही पोसणार का?" सखूबाईंचा आवाज चढला. पण सुनेचे डाग लागलेले कपडे त्याच धूत होत्या हे ताईंना माहीत होतं.

मग भिमाबाई रेघेच्या आतून बोलली, अगदी सावकाश. "ताई, मी तुमचा हात धरून गेले. तुम्ही म्हणाला, भिमे, घाबरू नको. मग मला का नेलंत?"

याचं उत्तर ताईंनी पाच महिने शोधलं होतं. "मला वाटलं तुझं भलं हुतंय," एवढंच त्या म्हणाल्या. ते उत्तर किती तोकडं आहे हे म्हणता म्हणताच त्यांना कळलं. भिमाबाईनं तोंड फिरवलं आणि मुसळ उचललं. थोड्या वेळानं कांडण सुरू झालं, पण गाणं कुणी धरलं नाही.

तिसऱ्या प्रहरी हर्षदा घरामागच्या परड्यात आईजवळ गेली आणि म्हणाली, "तुझ्या ऑपरेशनचा कागद दाखव."

कागद इंग्रजीत होता, पण हर्षदा बारावी झालेली. फोनवर एकेक शब्द टाकून तिनं तो वाचला. मग म्हणाली, "मी लहान हुते तवा तू आत बसायचीस आन् मला वाटायचं, आपली आई राणी हाय."

"ठाऊक हाय."

"तू खोटं हसायचीस?"

"न्हाई गं. कांडताना खरंच बरं वाटायचं. पण ते बरं वाटायला एवढं द्यायला नको हुतं."

हर्षदानं कागदाची घडी घातली. "मी थांबते. तीन महिने. सरकारी दवाखान्यात दाखवू. काढायचीच म्हणाले तर काढीन, मग तू आडवी यायचं न्हाईस. पण माझी एक अट हाय."

"कसली?"

"त्या अकराजणींकडं तू जायचं. एकेकीच्या घरी. मला जे सांगितलंस ते त्यांना सांगायचं, त्यांच्या तपासण्या करायच्या. मी तुझी लेक म्हणून वाचायची आन् भिमाकाकूनं नुसतं मुसळ कांडायचं, हे मला न्हाई चालायचं."

गुरुवारी दोघी सरकारी दवाखान्यात गेल्या. सखूबाई आल्या नाहीत, पण निघताना हर्षदाच्या हातात डबा दिला आणि विहिणीकडं न बघता म्हणाल्या, "उपाशी ठेवू नका तिला." हर्षदाच्या अंगात रक्त निम्म्याला आलं होतं. पिशवीत लिंबाच्या बीएवढी एक गाठ होती, आणि ती साधी होती. प्रशिक्षणातल्या त्याच डॉक्टरबाईंनी रक्ताच्या गोळ्या दिल्या, अंगावरून जाणं कमी व्हायच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी बोलावलं. त्याशिवाय एक चिठ्ठी दिली, की हिला कामावर बसायला स्टूल द्यावं आणि बाथरूमला जाऊ द्यावं. "चिठ्ठीनं काही होईल का?" हर्षदानं विचारलं. "माहीत नाही," डॉक्टरबाई खरं तेच म्हणाल्या. "पण द्या तर खरी."

जत्रा उठल्यावर दोन दिवसांनी सुषमाताईंनी वहीचं शेवटचं पान उघडलं. क्रमानं गेलं तर भिमाबाईचं नाव चौथं होतं. त्या तिच्याकडंच आधी गेल्या.

दार लोटलेलं होतं. दुपारची वेळ, पण बाहेर अंगावर शाल घ्यावी असा गारठा. ताई उंबऱ्याशी थांबल्या. आत भिमाबाई खाटेवर पडली होती आणि खाटेच्या पायथ्याशी टेबलफॅन घरघरत होता. अंगावरचा पदर ओला झाला होता. ताईंना बघून तिनं घाईघाईनं फॅनच्या बटणाकडं हात नेला, मग तो हात तसाच राहिला.

"कवापासून?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही नेलं त्याच्या पुढच्या महिन्यापासून." भिमाबाई छताकडं बघत म्हणाली. "मला वाटलं मलाच हुतंय. तुम्ही तर हसत फिरत हुता."

ताई खालीच बसल्या, उंबऱ्याला टेकून. कपाळावर घाम साचायला लागला. बॅगेत हात घातला, पण पंखा घरीच राहिला होता.

भिमाबाई उठली, फॅन उचलला आणि दोघींच्या मधे, दोघींना वारा लागेल असा ठेवला. "बसा," ती म्हणाली. "रागावलेय मी तुमच्यावर. ते काय इतक्यात जायचं न्हाई. पण बसा, आन् काय त्या तपासण्या असतील त्या सांगा."

ताईंनी वही काढली. तेवढ्यात फोन वाजला. हर्षदाची जेवणाची सुट्टी झाली असावी. मागून यंत्रांचा आवाज येत होता.

"आई, स्टूल न्हाई दिलं. पण बाथरूमला सोडलं आज दोनदा." आणि लगेच, दटावल्यासारखं, "तू कितव्या घरी पोचलीस?"

"पहिल्याच," सुषमाताई म्हणाल्या.